अनुदानाचं काम शिकायचं तर व्हाउचरपासून

समाजकार्याची पदवी घेऊन संस्थेत रुजू झालेल्या मुलामुलींना सुरुवातीला एकच काम हवं असतं, प्रस्ताव लिहायचं. मी त्यांच्या हातात आधी व्हाउचरची, म्हणजे खर्चाच्या बिलांची आणि पावत्यांची फाइल देते. ठाणे जिल्ह्यातली वाचनालयं, महिला मंडळं आणि शहापूर-मुरबाडकडच्या ग्रामपंचायती यांची अनुदानाची कागदपत्रं बघण्यात माझी नोकरी गेली. त्यातून एक मत पक्कं झालंय. सरकारी पैसा छान प्रस्तावापेक्षा मागचा हिशेब मिटवलेल्या संस्थेकडे लवकर येतो.

कामाला लागलात की संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र बघून थांबू नका. आपल्याकडच्या बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या अधिकृत नोंदीची ताजी प्रत काढा आणि त्यावरची नावं आजच्या पदाधिकाऱ्यांशी ताडून बघा. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो राहून जातो. कळव्याच्या एका महिला मंडळाच्या शेड्यूलवर अजून त्या सचिवबाईंचं नाव होतं, ज्या कधीच्याच नाशिकला राहायला गेल्या होत्या. बायकांचं काम उत्तम, शिवणवर्ग भरलेले, आणि तरी बँकेत सही चालेना. बँक अडली की पुढचं सगळंच अडतं. केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक लागतो, 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायचा तर सीएसआर-1 नोंदणी लागते, आयकर सवलतीच्या नोंदण्या (जुन्या कायद्यातल्या 12ए आणि 80जी) मुदतीच्या असतात. या सगळ्यांत विश्वस्तांची नावं सारखीच लागतात.

शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. ठाण्याला तर 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण मी म्हणते ती गल्लीतली, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावरची छोटी वाचनालयं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले जातात आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायच्या खर्चासाठीचा पैसा मिळतो. मान्य खर्चाचा 90 टक्के भाग शासनाचा, उरलेला संस्थेनं वर्गणी-देणगीतून उभा करायचा. जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून तपासणी होते, तेव्हा दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहायची वही उघडून त्यातलं पुस्तक कपाटात आहे का, हे बघितलं जातं. ग्रंथपालाच्या हातात या अनुदानातून जे मानधन पडतं ते बघून जीव तुटतो. पण चोख हिशेब कसा ठेवतात, हे मला अशाच एका ग्रंथपालबाईंनी शिकवलं.

त्यांच्याकडचं एक व्हाउचर तुम्हाला दाखवावंसं वाटतं. पुस्तकविक्रेत्याचं बिल, मागे खाकी कागद. बिलाच्या कोपऱ्यात लाल शाईनं कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख. प्रत्येक पुस्तकाच्या नावासमोर दाखल क्रमांक. खाली चेकचा क्रमांक, कोषाध्यक्षांची सही आणि आडवा शिक्का : ‘परिरक्षण अनुदानातून खर्च’, त्यापुढे हातानं लिहिलेलं वर्ष. हा शिक्का मारला की तेच बिल दुसऱ्या निधीत कुणी दाखवू शकत नाही. तपासणीला आलेल्या माणसाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. अशी फाइल तुम्हाला लावता आली की तुम्ही या क्षेत्रात कुठेही उभे राहू शकता.

याच फाइलमधून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला तयार होतो, बोलताना सगळे त्याला ‘यूसी’ म्हणतात. केंद्राच्या अनुदानाला 2017 चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत. आर्थिक वर्ष संपल्यावर 12 महिन्यांच्या आत या नियमांतल्या 12-ए नमुन्यात यूसी द्यायची. अनुदान खात्यात पडून राहिलं आणि त्यावर व्याज आलं, तर तेही सरकारजमा करायचं. त्याच कामासाठी दुसऱ्या सरकारी खात्याकडे पैसे मागितलेले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक अनुदानाची खातेवही वेगळी ठेवा आणि जमलं तर बँक खातंही. मागची यूसी राहिली असेल तर पुढच्या हप्त्यासाठी कितीही चकरा मारा, उपयोग होत नाही. संस्थेत नोकरीसाठी मुलाखतीला गेलात तर ‘किती यूसी बाकी आहेत?’ हे तुम्हीच विचारा. उत्तरावरून संस्था कळते.

स्थानिक संस्थांचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो, आणि नवे लोक इथे गोंधळतात. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी थेट मिळतो. 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या आयोगात त्यातला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला 40 टक्के अबंध, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगारावर नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथल्या गावांना पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा, 5 टक्के अबंध निधी वेगळा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. हा राखीव भाग विचारणारं कुणी नसेल तर तो पडून राहतो, आणि याची मला फार चीड येते. एखाद्या दिव्यांग मुलीची तीनचाकी सायकल त्या पैशात सहज बसली असती.

संस्थेनं ग्रामपंचायतीकडे अर्ज घेऊन जायची पद्धत आहे, पण काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर सरपंचांची कितीही इच्छा असो, त्यांचेही हात बांधलेले असतात. हा ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा ग्रामसभेत ठरतो. शहरात गणित वेगळं. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात नुसता ‘अनुदान’ हा शब्द शोधत बसू नका, स्वारस्य अभिव्यक्तीच्या, म्हणजे काम करायला कोण तयार आहे हे विचारणाऱ्या जाहिरातीही वाचा. बेघरांची निवारा केंद्रं चालवण्यासारखी कामं संस्थांकडे याच वाटेनं येतात. खासदार निधीकडून पगाराची अपेक्षा धरू नका, तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो.

ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा बेलापूरला कोकण भवनातल्या विभागीय कार्यालयांत जाताना जावक क्रमांक घातलेलं पत्र आणि त्याची एक जादा प्रत घेऊन जा. आवक शिक्का त्या प्रतीवर घ्या, टेबल कुठलं ते त्याच प्रतीवर लिहून ठेवा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून घ्या. आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात, तेव्हा ज्या गावात काम करताय तिथल्या बायकांना घेऊन जा, मागणी तोंडी करू नका, लेखी द्या आणि ती इतिवृत्तात आली का, हे त्याच दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) बसून वाचून घ्या.