वाइड लेन्सने कडांवर आणलेली रंगछटा कशी काढावी

जुने गोवे येथील से कॅथेड्रलचा पांढरा अंतर्भाग रेंजफाइंडरच्या (आत आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या) जुन्या १५ मिलिमीटर लेन्सने मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल, कॅमेऱ्यावर टिपला, की मधला भाग स्वच्छ पांढरा असूनही एक कड किरमिजी आणि दुसरी हिरवट उतरण्याची शक्यता असते. अशा लेन्सचे मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ असते. त्यामुळे कडांवरचे किरण फार तिरपे पडतात आणि काही प्रकाश शेजारच्या, वेगळ्या रंगाच्या पिक्सेलमध्ये झिरपतो. आरशाला जागा सोडावी लागत असल्याने मागचे भिंग दूर राहते, म्हणून एसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) वाइड लेन्सना हा त्रास बराच कमी होतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे संपूर्ण चित्राचा रंगतोल, बदलून हा दोष जात नाही, कारण कड सुधारली की मध्य बिघडतो.

आधी निदान करावे. पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र नेहमीसारखे व दुसरे कॅमेरा उलटा धरून काढावे आणि दोन्ही न फिरवता पाहावीत. छटा चौकटीच्या त्याच कडेला राहिली तर दोष लेन्स-सेन्सरचा, आणि भिंतीबरोबर विरुद्ध कडेला गेली तर तो खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाचा होय.

दोष लेन्सचा ठरल्यास नामफलक बनवणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा छोटा तुकडा आणावा. मूळ छायाचित्र रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढल्यावर ॲपर्चर, फोकस आणि झूम न हलवता तो तुकडा लेन्सला टेकवून दुसरे छायाचित्र, म्हणजे संदर्भचित्र, घ्यावे. ते मध्यम राखाडी यावे आणि कोणताही रंग हिस्टोग्रामच्या (उजेडाची वाटणी दाखवणाऱ्या आलेखाच्या) टोकाला जाऊ नये. शिफ्ट लेन्स (बाजूला किंवा वर-खाली सरकवता येणारी) असेल तर प्रत्येक सरकवणुकीसाठी वेगळे संदर्भचित्र लागते. आपल्याकडे एक काळजी जास्त घ्यावी लागते: एका अंगाला चिऱ्यांची लाल भिंत आणि दुसऱ्या अंगाला उघडे आकाश असेल, तर तो रंग तुकड्यावर असमान पडून दुरुस्तीच चुकते. म्हणून कॅमेरा ढगाळ आकाशाकडे वळवावा. पावसाळ्यात ते शोधावे लागत नाही.

पुढचे काम सॉफ्टवेअर करते. कॅप्चर वनमध्ये संदर्भचित्रावरून एलसीसी प्रोफाइल (लेन्सच्या रंगछटेच्या दुरुस्तीची नोंद) तयार करून मूळ छायाचित्राला लावावे. लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे, तर रॉथेरपी विनामूल्य असूनही त्याच्या रॉ विभागात तीच सोय मिळते, त्यामुळे नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. या दुरुस्तीत कोपऱ्यांचा काळोखही उजळतो व तिथला नॉइज (रवाळपणा) वर येतो. तो खटकल्यास कॅप्चर वनमध्ये प्रकाश समान करण्याचा पर्याय बंद ठेवून फक्त रंग सुधारता येतो.

संदर्भचित्र घ्यायचे राहिले असेल, तर किरमिजी कडेवर लिनिअर ग्रेडियंट (कडेकडून आत विरत जाणारी दुरुस्ती) ओढून टिंट, म्हणजे हिरवा-किरमिजी स्लायडर, किरमिजीच्या उलट, म्हणजे हिरव्याकडे, थोडाथोडा सरकवावा आणि हिरवट कडेवर याच्या उलट करावे. हात जपून चालवावा, कारण पांढऱ्या भिंतीवर जादा दुरुस्ती लगेच डोळ्यांत भरते.