एचआयव्हीवरील मोफत उपचार आणि शासकीय साहाय्य : सांगली जिल्ह्यातील रुग्णांनी कागदपत्रे कशी जमवावीत

एचआयव्हीची औषधे महाग असतात आणि ती आपल्याला परवडायची नाहीत, या धास्तीने आजही काही जण तपासणीच टाळतात. प्रत्यक्षात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार उचलते आणि २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आहे. हा निधी महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत जिल्ह्यापर्यंत येतो, तर दरमहा मिळणारे अनुदान, धान्य आणि प्रवासातील सवलत ही वेगवेगळ्या खात्यांची कामे आहेत. उपचार सहज सुरू होतात; अडते ते या दुसऱ्या भागात, कारण तिथला प्रत्येक कागद कोणाच्या ना कोणाच्या नजरेखालून जातो.

सुरुवात तपासणीपासून करावी. सांगलीतील वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, तसेच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये येथील एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, ही तपासणी विनामूल्य होते. आधी समुपदेशन, मग संमती आणि त्यानंतर रक्ततपासणी असा क्रम असतो आणि निष्कर्ष वेगवेगळ्या किटने पडताळूनच सांगितला जातो. अहवालाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण पुढची सर्व कागदपत्रे तिच्या आधारावर उभी राहतात.

त्यानंतर सिव्हिल किंवा मिरजेतील शासकीय रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, नोंदणी करावी. सोबत अहवाल, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा. सीडी-४ चा, म्हणजे रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा कितीही असला तरी उपचार सुरू करावेत, असे धोरण २०१७ पासून आहे, त्यामुळे ‘अजून त्रास होत नाही, मग बघू’ असे म्हणून थांबण्यात अर्थ नाही. बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. ती रोज एकदा घ्यायची असते. सीडी-४ आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) या चाचण्यांनाही पैसे पडत नाहीत. क्षयरोग निघाला, तर त्याची औषधे मोफत असतातच, शिवाय निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यावर जमा होतात.

केंद्रातून एक हिरवी वही दिली जाते. तिच्यात वजन, औषधे आणि पुढची तारीख लिहिलेली असते. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांनी आणि जतच्या ऊसतोड कामगारांनी ही वही घरी ठेवून परगावी जाऊ नये. तिच्या आधारे दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा परराज्यातील एआरटी केंद्रातूनही गोळ्या मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल, तर निघण्यापूर्वीच रीतसर बदलीपत्र मागून घ्यावे. प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या देण्याची सोय आहे. ती आपणहून विचारावी.

आता अनुदानाकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश असून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे. अर्जदार ६५ वर्षांखालील आणि किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणारा असावा, तसेच कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे. ही मर्यादा म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. तासगावच्या द्राक्षबागेत वर्षभर मजुरी करणारे एखादे जोडपेही या हिशेबाने अपात्र ठरेल, आणि ही अट फार पूर्वीच बदलायला हवी होती असे माझे मत आहे. तूर्त मात्र दाखला त्याच मर्यादेत बसावा लागतो किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे लागते.

कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला काढावा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सर्वांत शेवटी घ्यावे. असे सांगण्याचे कारण साधे आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात जावे लागते आणि तिथे रांगेत आपल्याच गावची माणसे उभी असतात. अर्जातील ‘दाखल्याचे कारण’ या रकान्यात ‘शासकीय योजनेसाठी’ एवढेच लिहिले तरी चालते. आजाराचे नाव तिथे लिहिण्याची मुळीच गरज नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळते आणि एआरटी केंद्रातील समुपदेशक त्याची वाट दाखवतात. ते बंद लिफाफ्यात घालून, शक्य असेल तिथे थेट तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत द्यावे आणि पोच घ्यावी. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे अर्जाआधीच बँकेत विचारावे. मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचे ते नेहमीचे कारण असते.

मुले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा वेगळा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करता येतो. त्यातून प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. शाळेतून बोनाफाईड घेताना ‘बालसंगोपनासाठी हवे आहे’ एवढे सांगितले की पुरे. या योजनेत एकल पालकांची आणि इतरही मुले असल्याने त्यावरून कोणी काही ताडू शकत नाही. दारिद्र्यरेषेखालील बाधित कुटुंबाला अंत्योदय शिधापत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळू शकते. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा.

एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, पण ती घेताना वाहकाला कागद दाखवावा लागतो. आटपाडीहून सांगलीला येणाऱ्या बसमध्ये शेजारी भावकीतलेच कोणी बसलेले असेल, तर हात पिशवीतच राहतो. मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना अर्धे तिकीट लागू झाल्यामुळे अनेक जणी मुकाट्याने ते काढतात, आणि त्यात काही चूक नाही. रेल्वेत एआरटी केंद्राला जाण्यासाठी द्वितीय श्रेणीत निम्मी सवलत मिळते.

कार्यालयात कोणी आजाराचे नाव मोठ्याने वाचले किंवा काम नाकारले, तर वाद न घालता तारीख, वेळ आणि टेबल लिहून ठेवावे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने भेदभावाला मनाई केली आहे, संमतीविना माहिती उघड करण्यावर बंधन घातले आहे आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद केली आहे. तक्रार कशी लिहावी, हे १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर किंवा जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे विचारता येते.

अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहून गेला की हप्ता थांबतो आणि बरेच जण योजनाच बंद पडली असे समजून घरी बसतात. त्यामुळे हिरव्या वहीच्या मागच्या पानावर त्या दाखल्याची तारीखही लिहून ठेवावी.