काळ्या मातीच्या घरात करारा मार्बल बसवताना

आधी दगड आत लागणार की बाहेर, ते ठरवा. करारा मार्बल देवघरात, बैठकीत शोभतो. घरापुढच्या ओट्यावर, गच्चीवर किंवा दर्शनी भिंतीवर लावू नये, मिस्त्री कितीही म्हणो.

इटलीच्या टस्कनी भागात करारा शहरामागे आपुआन डोंगर आहेत. तिथल्या टोरानो, फांतिस्क्रित्ती आणि कोलोन्नाता या खोऱ्यांतल्या खाणींचा हा दगड. रोमन काळापासून तो निघतो, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा (१५०१–१५०४) त्यातलाच. पण मार्बल म्हणजे कॅल्साइट या खनिजाचे बारीक स्फटिक. तापल्यावर प्रत्येक स्फटिक एका दिशेला फुगतो, दुसरीकडे थोडा आकसतो. रोज तापून निवून कणांची पकड सुटते आणि पातळ लादी धनुष्यासारखी वाकते. शिकागोची एक उंच इमारत १९७३ मध्ये याच दगडाने मढवली होती. लाद्या वाकल्या आणि १९९०–९२ मध्ये सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावा लागला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वरही जातो, आणि संध्याकाळी तापलेल्या ओट्यावर पाणी मारायची सवय वेगळीच. बाहेर ग्रॅनाइट किंवा कोटा घ्या.

दुकानात लादीची कड पाहा. करडी शीर कडेतही उतरलेली दिसली तर दगड खरा. वरच थांबली तर ती छापील टाइल. पाठीवर लिंबू पिळून बुडबुडे पाहतात, पण त्यावरून राजस्थानचा मकराना मार्बल आणि करारा वेगळे ओळखता येत नाहीत, कॅल्साइट दोन्हीत आहे. चिरा शोधायला लादी ओली करून पुसा. बाकी दगड वाळतो, चिरेत पाणी राहतं आणि केसासारखी काळी रेघ दिसते. रेघ शिरेलगत असेल तर ती लादी नको.

१० × १२ फुटांच्या खोलीला १२० चौरस फूट लागतात. तूट आणि शिरा जुळवणं धरून १३५ घ्या. १८ मिलिमीटर जाडीत हा माल सहाशे किलोच्या घरात जातो. ट्रॉलीत लाद्या लाकडी घोडीला टेकवून उभ्याच आणा. आडव्या ठेवल्या की खड्ड्यात मधोमध तुटतात. मध्ये कोरडं कुटार किंवा पोती चालतील. ओलं तणस नको, त्याचा पिवळा रंग दगडात उतरतो.

खरं काम फरशीखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा दगड तिच्यासोबत हलतो. म्हणून खोलीतली माती दोन-तीन फूट काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोका. एकदम भरलेला मुरूम वरून घट्ट लागतो, आतून पोकळ राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात खचतो. त्यावर जाड प्लास्टिक, मग चार इंच काँक्रीट. सात दिवस पाणी मारा, नंतर नीट वाळू द्या. ही घाई सगळ्यात महागात पडते: खालची ओल वर चढते, दगडातल्या लोखंडाच्या कणांना गंज लागतो आणि पांढरी लादी पिवळी पडते. हा डाग आतून आलेला असल्याने घासून जात नाही. पावसाळ्यात फरशीचं काम काढूच नये.

लादीच्या पाठीला फायबरची जाळी असते. तिच्यावर सिमेंट धरत नाही. बसवायच्या अगदी आधी जाळी काढून पाठ घासा. नाजूक लादी असेल तर जाळी राहू द्या आणि एपॉक्सीच्या गमने बसवा. सिमेंटवर बसवताना पाठीला पांढऱ्या सिमेंटचा घोळ लावा, साध्या सिमेंटची करडी झाक वर येते. रेती चाळलेली, धुतलेली घ्या. थर इंचभर पुरे. सांधे दोन मिलिमीटरचे ठेवा आणि भिंतीलगत बोटाच्या जाडीची फट सोडा. ती भिंतीच्या तळाशी लावतात त्या पाटीखाली (स्कर्टिंग) झाकली जाते. फट न सोडता भिंतीला घट्ट भिडवलेली फरशी उन्हाळ्यात मधोमध उचलली जाते. बसवल्यावर प्रत्येक लादी लाकडी हातोडीने वाजवा. बद्द आवाज आला तर लगेच काढून पुन्हा बसवा, कारण त्याच जागी पाट्याचा किंवा पलंगाचा पाय पडला की ती फुटते.

पंधरा-वीस दिवसांनी डायमंड पॉलिश, पूर्ण वाळल्यावर सीलर, म्हणजे डाग आत झिरपू नयेत म्हणून लावायचा द्रव. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अ‍ॅसिडची बाटली आणतो, ती दाराबाहेरच ठेवायला सांगा. लिंबू, चिंच, ताक, संत्र्याचा रस यांनीही चकाकी जाते आणि तिथे पांढुरका ठसा पडतो. तो डाग नसून दगड खाल्ला गेलेला असतो, त्याला पुन्हा पॉलिशच लागतं. कोलोन्नातात डुकराची चरबी मीठ लावून महिनोन्महिने मार्बलच्या हौदात मुरवतात आणि हौदाचा दगड खाल्ला जात नाही; दगड खाते ते आंबट. तेल मात्र आत झिरपून काळपट खूण सोडतं, म्हणून समईखाली पितळी ताटली ठेवा.

हळद सांडली तर चोळू नका, टिपून घ्या. राहिलेल्या डागावर खडूची पूड औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून पाव इंच जाड थापा, वरून प्लास्टिक चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. फिका राहिला तर पुन्हा थापा. कुंकवाचा रंग याने निघेलच असं नाही.