लष्करी रायफलीचे गुणदोष कसे तपासावेत : इन्सासचे उदाहरण घेऊन

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या अभ्यासिकेत एनडीए, सीडीएस किंवा एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राची तयारी करणारी मुले एकत्र बसली की रायफलींचा विषय हमखास निघतो आणि बहुतेक वेळा 'इन्सास भंगार, एके दणकट' या निकालावर संपतो. इन्सास म्हणजे भारतात विकसित झालेली सेनेची रायफल आणि एके म्हणजे रशियन कलाश्निकोव्ह; त्यांच्याविषयीचा हा निकाल सपशेल खोटा नाही. पण मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्याने त्यावर नुसते 'कशावरून?' असे विचारले, तर पुढे बोलायला काही उरत नाही. एखाद्या लष्करी रायफलीचे बलस्थान कोणते आणि उणीव कोणती, हे कागदोपत्री कसे तपासावे, याची पद्धत येथे सांगितली आहे. उदाहरण म्हणून इन्सास घेतली आहे, कारण तिच्याविषयी मते सर्वांत जास्त आणि विचार सर्वांत कमी झालेला आहे.

मागणी काय होती, येथून सुरुवात करा

कोणत्याही रायफलीविषयी टिपण काढताना पहिली नोंद वजनाची किंवा पल्ल्याची नसावी, तर ती रायफल कोणत्या कामासाठी मागितली गेली होती याची असावी. इन्सासच्या आधी आपल्या पायदळाकडे ७.६२ मिलिमीटरची (हा गोळीचा व्यास) एसएलआर रायफल होती. बेल्जियमच्या एफएएल रायफलीच्या धर्तीवर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारी ही रायफल लांब, जड, चाप ओढला की एकच गोळी झाडणारी, पण दूरवर जोरदार मारा करणारी होती. १९८० च्या दशकात पुण्याजवळच्या पाषाण येथील एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, तिच्या जागी ५.५६ मिलिमीटरची हलक्या काडतुसाची रायफल विकसित करायला घेतली, तेव्हा डोळ्यांसमोर सीमेवरचे पारंपरिक युद्ध होते. जवानाने अधिक गोळ्या बाळगाव्यात, रायफलीचा धक्का कमी बसावा आणि सुमारे ४०० मीटरपर्यंत नेमका मारा व्हावा, एवढी ती अपेक्षा होती. रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल) असे एकाच काडतुसावर चालणारे कुटुंब उभे करण्याचा बेत होता. त्यातले कार्बाइनचे घोडे मात्र अडलेलेच राहिले.

पुढे काश्मीरमध्ये आणि मध्य भारतातल्या जंगलांत काम बदलले. तेथे गाठ पडते ती पन्नास-शंभर मीटरवर, घराच्या आत किंवा झाडीत, आणि समोरचा माणूस पहिल्या गोळीत खाली बसावा अशी निकड असते. माओवादग्रस्त भागातल्या सीआरपीएफच्या तुकड्यांनी एकेला पसंती दिली ती या निकडीपोटी. म्हणून इन्सासच्या नावावर जमा झालेल्या दोषांपैकी काही दोष रायफलीचे आहेत आणि काही बदललेल्या मागणीचे आहेत, हे टिपणात वेगवेगळे लिहिले पाहिजे. माझ्या मते बहुतेक टिपणे येथेच फसतात.

काडतुसाचा हिशेब स्वतः करा

रायफल हे काडतूस झाडण्याचे साधन आहे, त्यामुळे निम्मे गुणदोष काडतुसातच ठरतात. ५.५६ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅम, एकेचे ७.६२ गुणिले ३९ चे (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) सुमारे १६ ग्रॅम आणि एसएलआरचे ७.६२ गुणिले ५१ चे सुमारे २४ ग्रॅम भरते. दीडशे काडतुसे घेतली तर मॅगझिनचे (रायफलीला लावायच्या काडतुसांच्या पेटीचे) वजन सोडून अनुक्रमे १.८, २.४ आणि ३.६ किलो होतात. पाठीवर आधीच पाणी, शिधा, जॅकेट आणि रेडिओ असलेल्या जवानाला हा फरक चढावर चांगलाच जाणवतो.

आता दुसरी बाजू. शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र येथे कामी येते. सुमारे ४ ग्रॅमची ५.५६ ची गोळी नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने निघते, म्हणजे ऊर्जा साधारण १,६०० जूल. एकेची ८ ग्रॅमची गोळी ७१५ मीटरच्या वेगाने सुमारे २,००० जूल घेऊन निघते, आणि एसएलआरची साडेनऊ ग्रॅमची गोळी ८४० मीटरच्या वेगाने ३,३०० जूलच्या वर जाते. हे तीन आकडे वजनाच्या आकड्यांशेजारी मांडले की कोणतेही काडतूस फुकटात काही देत नाही हे कळते. जोर हवा असेल तर वजन आणि धक्का सोसावा लागतो. हलकेपणा हवा असेल तर विटांच्या भिंतीआडच्या किंवा दाट झाडीतल्या लक्ष्यावर परिणाम कमी मिळतो. '५.५६ मुद्दाम जखमी करण्यासाठीच काढली, म्हणजे एका जखमीला उचलायला दोघे अडकतात' हे स्पष्टीकरण फार ऐकू येते. ते उत्तरपत्रिकेत लिहायला आकर्षक असले, तरी वजन आणि नियंत्रण ही कारणे त्याहून भक्कम आहेत आणि ती आधी लिहावीत.

पल्ल्याचे आकडे माहितीपत्रकातून जसेच्या तसे उचलू नयेत. ३०० मीटर म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. पोलीस भरतीसाठी १०० मीटरची धाव मोजणाऱ्या मुलांनी खारघरच्या एखाद्या सरळ, मोकळ्या सर्व्हिस रोडवर तशा तीन धावा एकापुढे एक मोजाव्यात आणि मित्राला पलीकडच्या टोकाला उभे करावे. दुर्बीण नसलेल्या, उघड्या साइटवर तो किती बारीक दिसेल याची कल्पना आली की 'प्रभावी पल्ला ८०० मीटर' असला मजकूर वाचताना भुवया आपोआप उंचावतात. अचूकतेसाठी एक साधे माप पुरते : एक मिनिट कोनाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) फरक १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर होतो. समजा रायफलीच्या गोळ्यांचा विखुर (ग्रुपिंग) चार मिनिटांचा आहे, तर ३०० मीटरवर गोळ्या सुमारे ३५ सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरतील. छातीच्या मापाच्या लक्ष्याला हे कसेबसे पुरते, तेही नेमबाजाची स्वतःची चूक त्यात न धरता.

वस्तू जवळून पाहण्याची संधी

सामान्य नागरिकाने अशी रायफल हाताळण्याचा प्रश्नच येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे कुतूहल ही सबब चालत नाही. परंतु दरवर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो आणि त्या सप्ताहात अनेक पोलीस ठाण्यांत विद्यार्थ्यांना शस्त्रे दाखवली जातात. टेबलावर इन्सास असेल तर कर्मचाऱ्यांची परवानगी घेऊन, हात मागे बांधून, ती नीट पाहावी. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचे आहे, त्यामुळे किती काडतुसे उरली हे बाहेरून दिसते. ही सोय खरोखर उपयोगाची आहे आणि कारगिलमधला, पुढे येणारा एक दोषही याच मॅगझिनशी निगडित आहे, हे लक्षात ठेवावे. कॉकिंग हँडल (रायफल झाडण्यास सज्ज करण्याची मूठ) डाव्या बाजूला पुढे आहे, म्हणजे उजवा हात पकडीवरून न काढता रायफल कॉक करता येते. ही कल्पना हेकलर अँड कॉखच्या जर्मन रायफलींच्या वळणाची. फिरता बोल्ट आणि गॅसचा दट्ट्या कलाश्निकोव्हच्या घराण्यातला, तर हाताने फिरवायचा गॅस रेग्युलेटर एफएएलची आठवण देणारा. मॅगझिन २० गोळ्यांचे, रिकाम्या रायफलीचे वजन ४ किलोच्या किंचित वर, लांबी सुमारे ९६ सेंटिमीटर. हलक्या काडतुसाने वाचवलेले वजन रायफलीच्या अंगाने काही प्रमाणात परत घेतले, असे म्हणायला येथे जागा आहे.

चेंजलीव्हरकडेही (फैरीचा प्रकार बदलण्याच्या खिट्टीकडेही) पाहावे. एकेक गोळी आणि तीन गोळ्यांची फैर, असे दोनच पर्याय. सलग फैरीत दारूगोळा वाया जातो, या त्या काळच्या अनुभवातून अमेरिकनांनीही १९८० च्या दशकातल्या एम१६ए२ मध्ये हाच मार्ग धरला होता. खोलीत शिरणाऱ्या जवानाला मात्र ही शिस्त गळ्यातला फास वाटू शकते.

तक्रार आली की ती योग्य खणात टाका

टिपणाचा गाभा हाच आहे. 'रायफल अडकते' ही तक्रार ऐकून थांबू नये. दोष रचनेचा आहे, कारखान्यातल्या निर्मितीचा आहे, दारूगोळ्याचा आहे, देखभालीचा आहे की वापराचा, हे विचारावे, आणि तक्रार कोणत्या सालची व कोणत्या आवृत्तीबद्दलची आहे हेही नोंदवावे.

या पद्धतीचा सर्वांत बोलका दाखला व्हिएतनाममधल्या एम१६ चा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी सैनिकांच्या हातात ही रायफल ऐन चकमकीत अडकू लागली आणि सगळा ठपका रायफलीवर आला. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली, तेव्हा निघालेली कारणे वेगवेगळ्या घरची होती. काडतुसातली दारू बदलली होती आणि नवी दारू जास्त मळ धरत होती; चेंबरला (काडतूस बसते त्या नळीच्या भागाला) क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत ते गंजत होते; आणि या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशा समजुतीने सफाईचे साहित्यच पुरेसे दिले गेले नव्हते. क्रोमचा मुलामा, सफाईचे संच आणि प्रशिक्षण आल्यावर तीच रायफल पुढे अनेक दशके टिकली. आजही एनसीसीच्या वर्गात पुलथ्रू (नळी साफ करण्याची दोरी) आणि चिंधीवर उस्ताद एवढा जोर का देतात, याचे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आता १९९९ च्या कारगिलकडे या. इन्सासविषयी तेथून आलेल्या प्रमुख तक्रारी अशा : कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकत होती, तीन गोळ्यांच्या फैरीऐवजी कधीकधी सलग फैर सुटत होती, आणि झाडताना तेलाचे शिंतोडे डोळ्यांवर येत होते. पहिली तक्रार मी साहित्याच्या निवडीच्या आणि हिमाच्छादित उंचीवरच्या चाचण्यांच्या खात्यावर टाकेन, दुसरी यंत्रणेच्या घडणीच्या आणि कारखान्यातल्या दर्जाच्या खात्यावर, तर तिसरीत रचना आणि तेलाचे प्रमाण दोन्हींचा वाटा धरेन. एकाच युद्धातल्या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणी जातात आणि तिन्हींचा उपायही वेगळा निघतो.

वापर आणि रचना यांची सीमारेषा कुठे ओढावी, हे ठरवणे सर्वांत अवघड असते. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४० हून अधिक सैनिक मारले गेले. दीर्घकाळ चाललेल्या त्या लढाईत इन्सास नीट चालली नाही, असे नेपाळी लष्कराने सांगितले, तर भारतीय बाजूने वापर आणि हाताळणीकडे बोट दाखवले. अशा प्रसंगी दोन्ही विधाने कोणी केली हे नमूद करून लिहावीत. दोन्ही पक्षांचे हितसंबंध त्यात गुंतलेले असतात. सतत झाडत राहिल्याने तापलेली नळी ही काही एकट्या इन्सासची डोकेदुखी नाही : २०१५ मध्ये जर्मनीत जी३६ रायफल तापल्यावर तिची अचूकता घटते म्हणून मोठा वाद झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

हवामानाची परीक्षा दोन ओळींत उरकू नये. ठाण्याच्या खाडीकाठची खारी, दमट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस लोखंडाचे काय करतो, हे आपल्या खिडक्यांचे गज पाहिले की समजते. येथे तेलाचा थर पातळ पण अखंड हवा. राजस्थानच्या वाळवंटात तेवढेच तेल धूळ धरून लुकण बनते, आणि लडाखमधल्या द्राससारख्या थंड ठिकाणी नेहमीचे तेल घट्ट होऊन बोल्टची चाल मंदावते. भारतीय सेनेची रायफल या तिन्ही ठिकाणी चालावी लागते. परदेशी रायफलीचे गुणगान वाचताना तिची परीक्षा कुठल्या हवेत झाली, हा प्रश्न विचारावा.

तुलना करताना

इन्सासनंतर सेनेने दोन वाटा धरल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७.६२ गुणिले ५१ च्या ७२,४०० सिग ७१६ रायफली घेण्याचा करार झाला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक एके-२०३ अमेठीजवळच्या कोरवा येथे बनवण्याचा. पहिली जोर आणि पल्ला देते, पण काडतुसांचे ओझे पुन्हा वाढवते. दुसरी जवळच्या लढाईत भरवशाची आणि ३० गोळ्यांच्या मॅगझिनची आहे, मात्र तिच्या गोळीचा मार्ग दूरवर जास्त वाकतो. अमेरिकेनेही २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली. तिचे मॅगझिन २० गोळ्यांचे असल्याने सैनिकाकडच्या गोळ्या २१० वरून १४० वर येतात, आणि तेथे हाच वाद नव्याने रंगला आहे. तुलनेच्या तक्त्यात म्हणूनच 'एकूण गुण' असा रकाना ठेवू नये. त्या जागी 'कोणत्या कामासाठी' असा रकाना ठेवावा.

एसएसबीच्या (सेनादलांच्या अधिकारी निवड मंडळाच्या) लेक्चरेटमध्ये, म्हणजे छोट्या भाषणाच्या चाचणीत, तयारीला तीन मिनिटे आणि बोलायला तीन मिनिटे मिळतात. पहिल्या मिनिटात मागणी आणि काडतुसाचा हिशेब सांगावा, पुढचे दीड मिनिट दोन तक्रारी खणांत टाकून दाखवण्यात घालवावे, आणि उरलेल्या वेळात आज त्या कामासाठी आपण कोणती रायफल निवडू व त्यापायी काय सोसू, हे स्पष्ट सांगावे. आकडे थोडेच द्यावेत, पण ते पाठ असावेत.