मोबाइलवर चालणारी व्हीलचेअर बनवताय? आधी संपर्क तुटल्यावर ती काय करते ते बघा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला 'ब्लूटूथ व्हीलचेअर' हा प्रोजेक्ट घेणारा एक तरी ग्रुप प्रत्येक कॉलेजात असतो. आर्डुइनो (आपला कोड चालवणारा छोटा बोर्ड), एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल, मोटरला करंट पुरवणारा मोटर ड्रायव्हर आणि मोबाइलवर चार बाण. वायरिंगचे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे ते मी परत सांगत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कारण तिच्यामुळे माझ्या मामांच्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही.

मामा नारळावरून पडले तेव्हा मी अकरावीत होते. मानेच्या मणक्याला मार बसला. मनगटं वर उचलता येतात, पण बोटं मिटत नाहीत, आणि छातीखाली काहीच जाणवत नाही. त्यांना एक जुनी जॉयस्टिकवाली खुर्ची मिळाली होती. तिचा कंट्रोलर गेलेला, पण मोटरी ठणठणीत. खोली लहान, म्हणून रात्री खुर्ची सोप्यात नेऊन ठेवावी लागे, आणि सकाळी मामीने उठून ती आणेपर्यंत मामा छताकडे बघत पडून राहायचे. खुर्ची मोबाइलवरून पलंगाशी बोलावता आली तर, एवढ्यावरून हा प्रोजेक्ट सुरू झाला.

सुरुवातीच्या चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून भराभर सांगते. एल-२९८ ड्रायव्हर या कामाचा नाही. तो एका मोटरला फार तर २ अँपिअर देतो. २४ व्होल्टची २५० वॉटची मोटर नेहमीच्या चालीतच १० अँपिअरच्या आसपास घेते, आणि जागची हलताना त्याच्या कितीतरी पट. माझे दोन ड्रायव्हर जळाले, मग जास्त करंट झेपणारा बीटीएस-७९६० ड्रायव्हर घेतला आणि त्याला उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक लावला. मोटर सुटताना किती करंट खेचते हे मला कॉलेजात कुणी दाखवलं नाही. ते दाखवलं मोटर रिवायंडिंगच्या दुकानातल्या काकांनी, क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर लावून, पाच मिनिटांत. माझं स्पष्ट मत आहे की गाईड दोन हवेत. एक सही करणारा आणि दुसरा ज्याचे हात काळे होतात असा. दुसरा आधी शोधा.

एचसी-०५ च्या आरएक्स पिनला, म्हणजे निरोप घेणाऱ्या पिनला, ५ व्होल्ट थेट देऊ नका, दोन रेझिस्टर लावून ३.३ वर आणा. कोड चढवताना मॉड्यूल आर्डुइनोच्या ० आणि १ नंबरच्या पिनांवरून काढा. पासवर्ड १२३४ असतो तो बदला, नाहीतर शेजारचं पोरगंही खुर्ची जोडून घेईल. आयफोनशी हे मॉड्यूल जुळत नाही, त्यासाठी बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असलेलं लागतं. ॲप मी एमआयटी ॲप इन्व्हेंटर या ॲप बनवायच्या साधनात केलं. ठोकळे जोडून केलेलं ॲप म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ॲन्ड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची परवानगी ॲपला वेगळी मागावी लागते, तेवढं मात्र बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. जवळपास प्रत्येक व्हिडिओत पद्धत एकच असते. बटण दाबलं की मोबाइल 'एफ' हे अक्षर पाठवतो, मोटर सुरू. बोट उचललं की 'एस' जातं, मोटर बंद. टेबलावर हे झकास चालतं. पण 'एस' पोचलंच नाही तर? खुर्चीला शेवटचं ऐकू आलेलं असतं 'चल', आणि ती चालतच राहते.

मामांचं घर जुनं, भिंती दगडी, दोन फूट जाड. मामी स्वयंपाकघराच्या दारातून रिकामी खुर्ची पुढे आणत होती. बटण दाबून ती भिंतीआड वळली, संपर्क तुटला, तिने बोट उचललं, आणि खुर्ची सोपा ओलांडून ट्रंकेवर जाऊन आदळली. फूटरेस्ट वाकली. त्या रात्री मी हुशारी केली. एचसी-०५ ला 'स्टेट' नावाची पिन असते. जोडणी असली की ती हाय, तुटली की लो. लो झाली की मोटर बंद, असं लिहिलं. ॲपमधलं 'डिस्कनेक्ट' दाबून तपासलं. दहापैकी दहा वेळा खुर्ची जागच्या जागी थांबली. कॉलेजातल्या रिव्ह्यूमध्ये हे दाखवलं, कौतुकही झालं.

चार दिवसांनी मामा खुर्चीत बसले. मोबाइल मामीच्या हातात, ती पुढे चालत होती. माजघराच्या कोपऱ्यावर ती वळली आणि पुन्हा तेच. या वेळी खुर्ची थांबायला हवी होती, पण थांबली नाही. मामांचे पाय चौकटीला टेकले तरी मोटरी ढकलतच होत्या. मामा मोठ्याने म्हणत होते, "अगं, बंद कर, बंद कर!" मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं. मामांनाही काही जाणवलं नाही. त्यांच्या पायाला जाणीवच नाही. संध्याकाळी मामीला चादरीवर रक्ताचा डाग दिसला.

हे का घडलं ते नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तरी वाचा. 'डिस्कनेक्ट' दाबता तेव्हा मोबाइल मॉड्यूलला रीतसर निरोप देतो, म्हणून पिन लगेच लो होते. पण भिंत आडवी आली तर निरोप कोण देणार? मॉड्यूलच्या दृष्टीने समोरचा फक्त गप्प झालेला असतो, आणि ते त्याची वाट बघत राहतं. किती वेळ वाट बघायची याला ब्लूटूथमध्ये 'लिंक सुपरव्हिजन टाइमआउट' म्हणतात, आणि तो मुळात ठरलेला असतो २० सेकंद. तेवढा वेळ स्टेट पिन हायच राहू शकते. ताशी ४ किलोमीटरच्या वेगाने २० सेकंदांत खुर्ची २२ मीटर जाते. मामांचं घर पुढच्या दारापासून परसापर्यंत १४ मीटर आहे.

म्हणजे माझी चाचणीच खोटी होती. सांगून जाणाऱ्या माणसावर मी चाचणी घेतली, आणि खुर्चीची गाठ पडली न सांगता नाहीशा होणाऱ्याशी.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. 'थांब' हा निरोप लागूच नये अशी रचना करा. बोट बटणावर आहे तोवर मोबाइलने दर १०० मिलिसेकंदाला 'एफ' पाठवत राहायचं. बोट उचललं की पाठवणं बंद. आर्डुइनोने शेवटचं अक्षर कधी आलं ते 'मिलिस' (मिलिसेकंद मोजणारं त्याचं घड्याळ) वापरून लक्षात ठेवायचं, आणि ३०० मिलिसेकंदांत नवं आलं नाही तर मोटर बंद. बोट उचललं, भिंत आली, मोबाइलची बॅटरी संपली, ॲप बंद पडलं, काहीही होवो, परिणाम एकच. मोबाइलवरून चालवताना वेग मी ताशी २ किलोमीटरवर बांधला. ३०० मिलिसेकंदांत त्या वेगाने खुर्ची साधारण १७ सेंटीमीटर सरकते, वर थांबण्याचं अंतर.

यात तीन खाचा आहेत. पहिली, कोडमध्ये 'डिले', म्हणजे ठरावीक वेळ थांबायची आज्ञा, कुठेही नको, कारण तो चालू असताना आर्डुइनो घड्याळ बघत नाही. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलात तर तो वाचणारी 'पल्सइन' ही आज्ञा छुपा डिलेच आहे. काही सांगितलं नाही तर तो प्रतिध्वनीची एक सेकंदापर्यंत वाट बघतो. दुसरी, संपर्क क्षीण असला की ब्लूटूथ अक्षरं टाकून देत नाही, साठवतं आणि मग एकदम ओततं. बोट उचलून झाल्यावर जुनी 'एफ' अक्षरं उशिरा येऊन पोचतात आणि आपलं ३०० चं कुंपण फसतं. म्हणून मी उलटं केलं. खुर्ची दर १०० मिलिसेकंदाला एक बदलता आकडा मोबाइलला पाठवते आणि मोबाइल बोट टेकलेलं असेल तरच तो आकडा 'एफ'सोबत परत करतो. आकडा शिळा असेल तर खुर्ची ऐकत नाही. तिसरी, संपर्क परत आल्यावर खुर्चीने आपसूक सुटता कामा नये. बोट एकदा उचलून पुन्हा टेकवल्यावरच सुटावी.

आर्डुइनो स्वतःच अडकला तर? त्यात वॉचडॉग टायमर आहे, कोड अडकला तर तो बोर्ड रीसेट करतो, तो चालू करा. ड्रायव्हरच्या एनेबल (मोटर चालू करणाऱ्या) पिनांना ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर लावा, म्हणजे रीसेट होताना मोटर झटका मारणार नाही. आणि मोठं लाल बटण हवंच. ते कोडमधून जाता कामा नये. त्याने थेट कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरींची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, पुरवठा तुटला पाहिजे. बसलेल्याचा हात पोचेल तिथे एक, आणि ढकलणाऱ्यासाठी मागे दुसरं. मामांना तळहाताने आपटता येतं, म्हणून त्यांचं मी मांडीजवळ आडवं लावलं. मोटरीला ब्रेकच्या दोन जादा वायरी असतात. वीज गेली की ब्रेक लागतो, अशी त्याची घडण आहे. तो कायमचा सोडवून ठेवण्याचा शॉर्टकट पुष्कळजण करतात. मीही केला होता. उतारावर कळतं.

स्क्रीनबद्दल बोलायचं तर आम्ही सगळे आपल्या बोटांनी तपासतो, तिथेच चुकतो. मामा दुमडलेल्या बोटाच्या पेराने दाबतात, आणि दाबताना तळहाताची कड काचेवर टेकते. माझ्या पहिल्या ॲपमध्ये ती कड 'मागे'वर पडायची. काचेला उंचवटा नाही, म्हणून बोट कुठे आहे ते बघायला मान खाली घालावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी रस्ता दिसत नाही. त्यामुळे माझं ठाम मत, बसून चालवायला जॉयस्टिकच. मोबाइल खुर्ची बोलावायला, लावून ठेवायला, आणि सोबतच्या माणसाला अवघड जागी मदत म्हणून. आता ॲपमध्ये एका वेळी दोनच बटणं दिसतात, प्रत्येक अर्ध्या स्क्रीनएवढं, आणि कडेची एक बोटभर पट्टी मुद्दाम मुकी ठेवली आहे.

व्हॉइस कंट्रोल परीक्षकांना आवडतं म्हणून घालू नका. मामांच्या घरात टीव्ही चालू असतो. आणि दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणणार असाल तर कृपा करून निदान व्हीलचेअर घेऊ नका. रेघेवरून चालणारा लाइन फॉलोअर रोबो घ्या, त्याच्यावर कुणी बसत नाही. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं केंद्र आहे. अशा ठिकाणी रीतसर परवानगी मिळाली तर अर्धा दिवस जाऊन बसा. ते जमलं नाही तर गावातल्या फिजिओथेरपिस्टला विचारा. खुर्ची वापरणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत नक्की असतं.

चाचणी मी अशी घेते. खुर्चीवर वाळूची पोती मामांच्या वजनाएवढी. जमिनीवर खडूची रेघ. मैत्रीण मोबाइलवर बटण दाबून धरते आणि दाबलेलंच ठेवून दगडी भिंतीआड चालत जाते. खुर्ची थांबली की रेघेपासून मोजायचं. वीस वेळा. एकदा जरी ठरल्यापेक्षा पुढे गेली, तर त्या दिवशी मामा बसत नाहीत. पहिल्या आठवड्यात दोन दिवस बसले नाहीत, चिडलेही. तिसऱ्या दिवशी मामीला म्हणाले, "तिला मोजू दे." आणि पलंगावरून स्वतः आकडे वहीत उतरवायला सांगत राहिले.