घरच्या लेसरसाठी परवडणारा गॉगल कसा निवडाल?

गणपतीसाठी एमडीएफचं मखर कापायचं, नाहीतर विश्रामबागेतल्या कुणाच्या दाराची नेमप्लेट कोरायची म्हणून सांगलीत घरी लेसर घेतलं असेल, तर पहिला खर्च गॉगलचा धरा. मशीनबरोबर फुकट येणाऱ्या हिरव्या-लाल चष्म्यावर छापील आकडा नसेल, तर तो खेळण्यातलाच समजा.

आधी मशीनवरची पट्टी वाचा. तिच्यावर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहिलेली असते. हौशी डायोड मशीन बहुधा 445 ते 455, फायबर 1064 आणि कार्बन डायऑक्साइडची नळी असलेलं 10600. गॉगल याच आकड्याचा हवा. डायोडसाठीचा नारिंगी गॉगल फायबरवर काही कामाचा नाही. फायबरचा किरण तर दिसतही नाही, त्यामुळे डोळा मिटायची वेळच येत नाही आणि इजा थेट डोळ्याच्या आतल्या पडद्याला होते. उलट 10600 चा किरण साधं पॉलिकार्बोनेटही अडवतं, म्हणून त्याचा प्रमाणित गॉगल पारदर्शक असतो. रंगावरून कशाचीच खात्री देता येत नाही.

मग 'ओडी' (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) बघा. ओडी एकाने वाढला की आत येणारा प्रकाश दहा पटींनी घटतो. ओडी 4 म्हणजे दहा हजारातला एक भाग. डोळा पटकन मिटला तर दिसणाऱ्या किरणाचा साधारण 1 मिलिवॅट निभावतो. 10 वॅटच्या डायोडला या हिशोबाने ओडी 4 अगदी काठावर येतो, म्हणून 5 किंवा 6 घ्या. वॅट मात्र किरणाचेच धरा, कारण '40 वॅट' हा आकडा कित्येकदा मशीन ओढत असलेल्या विजेचा असतो.

घेताना काचेवर किंवा फ्रेमवर तरंगलांबी, ओडी आणि 'ईएन 207' (लेसर गॉगलचं युरोपीय मानक) छापलंय का ते पाहा. नुसतं 'लेसर सेफ्टी' लिहिलं असेल तर दुकानदाराला परत करा. विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा. चष्मा लावणाऱ्यांनी वरून बसणारा, बाजूंनी बंद असलेला घ्यावा. परतणारा किरण गालाजवळच्या फटीतूनही शिरतो.

घरी आल्यावर फोनच्या स्क्रीनवर गडद निळा रंग भरा आणि डायोडचा गॉगल त्याच्यासमोर धरा. निळं जवळपास काळं दिसायला हवं. निळं दिसलंच तर गॉगल बाद. काळं दिसलं म्हणून ओडी 6 सिद्ध होत नाही, एवढंच.

पैसे कमी असतील तर एकच चांगला गॉगल घ्या आणि मशीनला चारी बाजूंनी खोका करा. वर खिडकी ठेवायची तर तिची आरपार दिसणारी शीटही तीच तरंगलांबी अडवणारी हवी. खोलीत मूल किंवा मांजर असेल, तर खोका गॉगलच्या आधी. आणि गॉगल कितीही भारी असो, किरणाकडे सरळ बघायचं नाही. फोकस लावायचा तो मशीन बंद ठेवूनच. काचेला ओरखडा पडला की तो गॉगल टाकायचा.