कमी पगारात भाड्याचं घर शोधताय? मग आधी हे वाचा

घर शोधताना आपण सगळ्यात आधी भाड्याचा आकडा बघतो आणि तिथेच फसतो. आधी पगारातून सगळं कापून हातात किती येतात ते लिहून काढा. त्याच्या 30 टक्क्यांच्या आत भाडं बसावं असा साधारण हिशोब धरतात, पण त्यात मेंटेनन्स, लाइट, पाणी आणि कामावर जायचा-यायचा खर्चही धरून बघा, कारण लांबचं स्वस्त घर दोन बस बदलत बदलत शेवटी जवळच्या घराएवढंच पडतं आणि रोजचे दोन तास जातात ते वेगळेच.

अ‍ॅपवर शोधा, नक्की शोधा, पण स्वस्तातली घरं बरेचदा तिथे येतच नाहीत, ओळखीओळखीतच जातात. म्हणून एरिया ठरला की सुट्टीच्या दिवशी सरळ पायी फिरा, वॉचमनला विचारा, दुकानदारांना विचारा, जिन्यात लावलेले कागद वाचा. मला माझी खोली अशीच मिळाली, एका वॉचमनकाकांनी सांगितलं की वरचे लोक महिनाअखेरीला सोडतायत.

कमी उत्पन्नवाल्यांसाठी सरकारी किंवा ट्रस्टची घरं असतील तर आजच अर्ज टाका. वेटिंग लिस्ट लांब असते, कधी कधी वर्षंच्या वर्षं, म्हणून एकाच ठिकाणी नाही तर जिथे जिथे अटींत बसताय तिथे सगळीकडे टाका. उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, घरातल्या माणसांची कागदपत्रं एका फाइलमध्ये तयार ठेवा. आणि नंबर किंवा पत्ता बदलला तर लगेच कळवा हो, पत्राला उत्तर आलं नाही म्हणून लिस्टमधून नाव उडतं आणि इतकी वाट बघून असं झालं की फार जिवाला लागतं.

घर बघायला दिवसा जा आणि एकदा रात्रीही जा. नळ सोडून फ्लश ओढा, पाण्याची धार बारीक झाली तर प्रेशर कमी आहे. कपाट जरा सरकवून मागची भिंत हाताने बघा, गार आणि दमट लागली किंवा तेवढ्याच तुकड्याला ताजा रंग दिसला तर तिथे ओल असू शकते, पावसाळ्यात त्रास होईल.

घर न बघता एक रुपयाही पाठवू नका. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, आज टोकन दिलं नाही तर दुसरा घेईल, हे ऐकलं की फोन ठेवा. समोरचा खरंच मालक आहे का हे लाइट बिल आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवून बघा, मालक सोडून दुसरंच कुणी देत असेल तर मालकाचं लेखी मागा.

भाड्यात घासाघीस करायला लाजू नका. भाडं उतरत नसेल तर डिपॉझिट कमी करून मागा, किंवा जास्त दिवस राहतो म्हणून सांगा, घर रिकामं पडून राहणं मालकालाही परवडत नाही. डिपॉझिटची पावती घ्याच, आणि चावी हातात आली त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, तडे गेलेल्या फरशीचे फोटो काढून मालकाला मेसेजवर पाठवा, म्हणजे सोडताना डिपॉझिट कापायचा विषय निघाला तर तारखेसकट दाखवता येतं.